ॲपवर कॉपी होतं, नेटवर गेलं की कागद कोरा: सीडब्ल्यूचा नेहमीचा प्रॉब्लेम

हॅम रेडिओवर सीडब्ल्यूने, म्हणजे मोर्स कोडने, बोलायला लागलेल्या नवीन लोकांचा प्रॉब्लेम आधी नीट सांगतो म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. (कॉपी म्हणजे कानाने ऐकून कागदावर उतरवणं, आणि नेट म्हणजे इंटरनेट नव्हे, ठरलेल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमणारी हॅम मंडळी.) माणूस दोन-तीन महिने घरी मोर्सची प्रॅक्टिस करतो, मोबाईलवरच्या ॲपवर १५ च्या स्पीडला, म्हणजे मिनिटाला १५ शब्द, शंभरातली पंचाण्णव अक्षरं बरोबर यायला लागतात, कॉलर ताठ होते, मग एका रविवारी सकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) चार-पाच जणांचं छोटं सीडब्ल्यू नेट असतं तिथे हेडफोन लावून बसतो. नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, १२ नेच पाठवतोय, म्हणजे ॲपपेक्षाही हळू. आणि कागदावर काय उमटतं तर कॉलसाइनची (स्टेशनचं ओळखनाव) पहिली तीन अक्षरं, मग एक टी, एक ई, एक प्रश्नचिन्ह, आणि पुढे काही नाही. नेट संपतं, माणूस परत ॲपकडे जातो, १५ चा स्पीड १८ करतो, पुढच्या रविवारी परत तेच. मी स्वतः या चक्रात सात-आठ महिने फिरत होतो त्यामुळे यातला प्रत्येक खड्डा पाठ आहे, आणि नवीन लायसन्स मिळालेलं कोणी ना कोणी अजूनही हेच विचारत येतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे स्पीड वाढवून हे जात नाही. माझं गेलं नाही, आणि ज्यांचं गेलं असं ते म्हणतात त्यांचं दुसऱ्याच कशामुळे गेलेलं असतं.

आधी दोष रेडिओचा का कानाचा ते वेगळं काढा. पुढच्या नेटला कागद-पेन बाजूला ठेवा, चेक-इनसुद्धा (हजेरी) करू नका, फक्त रिगचा, म्हणजे रेडिओ संचाचा, ऑडिओ रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी निवांत चहा घेताना तेच रेकॉर्डिंग लावा. आता जर आरामात कॉपी होत असेल तर कान पण चांगला आणि रेडिओ पण, घोळ फक्त लाइव्ह बसल्यावर होतोय. नसेल होत तर ते रेकॉर्डिंग एखाद्या जुन्या ओएमला (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम दोस्त) पाठवा. त्यांनी सगळं उतरवून दिलं तर कानावर काम करायचंय. आणि ते म्हणाले की अरे यात सिग्नल कुठाय, नुसती भजी तळल्यासारखा आवाज येतोय, तर मोर्स सोडा, आधी रिग आणि अँटेना बघा. ही टेस्ट करायला अर्धा तास लागतो आणि ती मी सात महिने केली नव्हती.

रेडिओचं पटकन उरकतो कारण त्यात फार काही नाही. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. नॉइज धपकन खाली आला तर चोर घरातच आहे. माझ्याकडे तो गॅलरीतला एलईडी दिवा निघाला, एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) सातवरून तीनवर आला, एका दिव्याने. मोबाईलचे स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचे कंट्रोलर, टीव्हीचा अडॅप्टर, सगळे संशयित. लाईट गेल्यावर अख्ख्या गल्लीचा नॉइज जातो आणि ४० मीटर कसा काचेसारखा स्वच्छ होतो ते ज्याने एकदा ऐकलंय त्याला लोडशेडिंगचं वाईट वाटत नाही. मग फिल्टर. नवीन माणूस उत्साहात २५० हर्ट्झचा फिल्टर लावतो आणि मग टोन बाटलीत फुंकल्यासारखा घुमायला लागतो, डॉट एकमेकांत मिसळतात. ५०० वर ठेवा, कान स्वतःच फिल्टर आहे, त्याला थोडं काम करू द्या. आरएफ गेन (रेडिओ सिग्नल किती वाढवायचा) कमी, एएफ गेन (आवाज) जास्त, एजीसी (गेन आपोआप सांभाळणारं सर्किट) फास्ट, आणि स्पीकर नको, हेडफोनच. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी साधारण कधी होते तर नेट कंट्रोल तुमचा आरएसटी (सिग्नल किती स्पष्ट, किती जोराचा याचा रिपोर्ट) देत असतो तेव्हा.

वेळ पण बघा. आमचं नेट सुरुवातीला हिवाळ्यात सकाळी सहाला ठेवलं होतं, सगळ्यांना ऑफिसच्या आधी जमावं म्हणून. पुण्यात बसून कोल्हापूर ऐकू येत नव्हतं आणि युरोप मात्र खणखणीत. चार आठवडे आम्ही एकमेकांच्या अँटेनांना नावं ठेवली. कारण साधं होतं: रात्रभरात आयनोस्फिअर पातळ होतो, उजाडायच्या आधी तर सगळ्यात पातळ, तेव्हा सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल परत खाली येतच नाही, तिरका गेलेला येतो पण तो लांब कुठेतरी उतरतो. सूर्य वर आला की जवळचे स्टेशन परत दिसायला लागतात. जानेवारीत पुण्यात सूर्योदयच सातच्या पुढे होतो, मग सहाला कोण ऐकणार. नेट साडेआठला नेलं आणि सगळ्यांच्या अँटेना रातोरात सुधारल्या.

आता खरा विषय, कान.

मी मोर्स कसा शिकलो ते सांगतो, कारण शिकण्याची ती युक्ती फार सुंदर होती आणि तिनेच मला गाडलं. शाळेत वृत्तं शिकताना यमाताराजभानसलगा पाठ केलेलं आपण सगळ्यांनीच. लघु म्हणजे डॉट आणि गुरु म्हणजे डॅश धरा. य गण म्हणजे लघु-गुरु-गुरु, डि-डा-डा, तो झाला डब्ल्यू. म गण तीन गुरु, तो ओ. त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण एस, स गण यू. मोर्समधली तीन चिन्हांची अक्षरं बरोब्बर आठ आणि गण पण आठ, एकही उरत नाही, एकही कमी पडत नाही. वर ल म्हणजे ई आणि ग म्हणजे टी. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा डब्ल्यू! हे मला जेव्हा सुचलं तेव्हा मी रात्री बायकोला उठवून सांगितलं होतं, तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. (मात्रा जुळत नाहीत हे कबूल, गुरु दोन मात्रांचा असतो आणि डॅश तीन डॉटांएवढा, पण पाठांतराला काय फरक पडतो.)

या युक्तीवर मी हॅम लायसन्सची जनरल ग्रेडची परीक्षा पास झालो. मी दिली तेव्हा मोर्सचा स्पीड मिनिटाला ८ शब्द होता. आता हिशोब बघा. स्पीड मोजायला पॅरिस हा शब्द धरतात, त्यातल्या मोकळ्या जागा धरून त्याला ५० डॉटांएवढा वेळ लागतो, म्हणून एका डॉटचे मिलिसेकंद म्हणजे १२०० भागिले स्पीड. ८ च्या स्पीडला डॉट १५० मिलिसेकंदांचा आणि दोन अक्षरांमधली गॅप तीन डॉटांची, म्हणजे ४५०. जवळजवळ अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात "डा-डि-डा... गुरु-लघु-गुरु... र गण... के" एवढा प्रवास डोक्यात होऊन जातो. १५ ला डॉट ८० चा आणि गॅप २४० ची. आता तो प्रवास अर्ध्यावर असतानाच पुढचं अक्षर सुरू होतं. म्हणजे युक्ती चुकीची नव्हती, तिने एक स्टेशन मध्ये जास्तीचं घातलं होतं, आणि पॅसेंजर गाडी प्रत्येक स्टेशनला थांबली की मागून येणारी एक्सप्रेस धडकणारच. तुम्ही गण वापरले नसतील, तुम्ही भिंतीवर डॉट-डॅशचा तक्ता लावला असेल किंवा प्रत्येक अक्षराला एकेक शब्द जोडून पाठ केलं असेल, रोग तोच. आवाजावरून थेट अक्षर आलं पाहिजे, मध्ये चित्र नको, मोजणी नको, गणही नको.

मग ॲपवर १५ ला पंचाण्णव टक्के कसे येत होते? तर ॲप अगदी मापात पाठवतं, टोन रोज तोच, गॅप मिलिसेकंदाला बरोबर, आणि माझं ॲप पाच-पाच अक्षरांचे गट द्यायचं, दोन गटांमध्ये मस्त लांब श्वास. त्या श्वासात मी मागचं शिल्लक काम उरकत होतो. नेटवर असा श्वास कोणी देत नाही.

यावर औषध जुनंच आहे, कॉख पद्धत, १९३० च्या दशकातल्या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात. दोन अक्षरांपासून सुरुवात पण पहिल्या दिवसापासून पूर्ण स्पीडला, नव्वद टक्के यायला लागले की तिसरं अक्षर वाढवायचं. आधी शिकलेल्या माणसाने परत शून्यापासून करायचं म्हणजे जिवावर येतं, मलाही आलं, पण मला सहा आठवडे लागले फक्त, कारण कानाला निम्मं माहीत होतंच. अक्षराचा स्पीड २० ठेवा आणि अक्षरांमधली गॅप वाढवून एकूण स्पीड ८-१० वर आणा, याला फार्न्सवर्थ म्हणतात, बहुतेक सगळ्या ट्रेनरमध्ये ते सेटिंग असतं. २० ला एक अक्षर इतकं झटकन निघून जातं की मोजायला वेळच मिळत नाही, हाच फायदा. एलसीडब्ल्यूओ ही साइट यासाठी फुकट आहे. टोन मात्र रोज बदला, आज ६००, उद्या ७२०, परवा ५५०, नाहीतर कान एकाच सुराला लाडावतो.

यातला एक उपद्रव आधीच सांगून ठेवतो. कान २० च्या अक्षरांना सरावला की नेटवर स्ट्रेट कीवर (हाताने दाबायची साधी की) ७ च्या स्पीडने ताणून पाठवणाऱ्या एखाद्या आजोबांचं अक्षर ओळखूच येत नाही, डा म्हणजे डाऽऽऽ, आपण मध्येच ठरवून टाकतो की टी झाला. म्हणून नेटवर क्यूआरएस (हळू पाठवा) मागताना जमलं तर ओळखीच्या लोकांना एवढं सांगून ठेवा की अक्षरं नेहमीच्या स्पीडने द्या, फक्त मधली जागा वाढवा. आमच्या नेटवर हे एकदा ठरल्यावर निम्म्या नवीन लोकांची तक्रारच मिटली.

आता दुसरा खड्डा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच, बाकी सगळं सुधारलं आणि हा राहिला तरी कागद कोराच राहतो. नीट आठवून बघा, नेटवर तुमचं पहिलं अक्षर कधी सुटतं आणि त्यानंतर काय होतं. समजा नाव येतंय, एस आला, एच आला, मग काहीतरी आलं, आय होता का एस? आपण तिथेच थांबतो. मनातल्या मनात ते परत वाजवून बघतो. पेन त्या जागेवर टेकवून ठेवलेलं असतं. तेवढ्यात आर गेला, आय गेला, अख्खं नाव गेलं, आणि आता हे सुटलं म्हणून घाम, घामात पुढचं क्यूटीएच (गाव, ठिकाण) पण गेलं. सुटलं एक अक्षर आणि गेली दोन ओळी. म्हणजे जे कॉपी झालं नाही ते कान कच्चा म्हणून नाही झालं, मागे वळून बघितल्यामुळे झालं नाही. लोकलच्या दारात उभं राहून मागच्या स्टेशनवर पडलेल्या चपलेकडे बघत बसलं तर आपलं स्टेशन पण निघून जातं.

सुटलं की एक आडवी रेघ आणि पुढे. एवढंच करायचं आहे पण ते जमायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले कारण शाळेपासून आपल्याला गाळलेली जागा भरायची सवय. मी याची वेगळी प्रॅक्टिस केली: ट्रेनरचा स्पीड मुद्दाम इतका वाढवायचा की निम्मीच अक्षरं मिळतील, आणि गुण अक्षरांना द्यायचे नाहीत, एवढंच बघायचं की शेवटपर्यंत पेन थांबलं का. रोज पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात अक्षरशः चिडचिड होते. तिसऱ्या आठवड्यात गंमत वाटायला लागते कारण रेघा मारलेल्या कागदावरून सुद्धा शब्द कळतो. के रेघ एल एच ए रेघ यू आर, आता हे काय आहे ते सांगायला लागतं का कोणाला.

आणि सगळं लिहूच नका. नेटवर माणसं कविता पाठवत नाहीत, ठरलेला साचा असतो: कॉलसाइन, तुमचा आरएसटी, नाव, क्यूटीएच, हवा, रिग, ७३ (शुभेच्छा). मी एका कागदावर चौकोन आखून ठेवले, प्रत्येक स्टेशनला एक ओळ, त्यात कॉल, आरएसटी, नाव, गाव. फक्त चौकोन भरायचे, बाकीचं कानावरून जाऊ द्यायचं. नाव आणि गाव बहुतेक जण दोनदा पाठवतात त्यामुळे पहिल्या फेरीत निम्मं आणि दुसऱ्या फेरीत उरलेलं. ५एनएन ऐकलं तर गोंधळू नका, ते ५९९ च आहे, नऊच्या जागी एन पाठवून वेळ वाचवतात. ईएस म्हणजे आणि. एएस म्हणजे थांबा. नेट कंट्रोलने क्यूएनआय पाठवलं की हजेरी लावायची वेळ आली. हे दहा-पंधरा तुकडे अक्षर-अक्षर ऐकायचेच नाहीत, सबंध शब्दासारखे ऐकायचे. जुन्या तारमास्तरांचं कडकट्ट असंच चालायचं, एकेक टकटक मोजत बसले असते तर २०१३ साली तारसेवा बंद झाली तेव्हाही आदल्या शतकातल्या तारा उतरवणं चालूच असतं.

मराठी नावांचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि याबद्दल कुठेच कोणी बोलत नाही. सगळ्या ट्रेनरमधली नावं जॉन, बॉब, माइक, गावं ओहायो आणि टेक्सस. कान त्यावर तयार होतो, टी एच ऐकलं की मन आपोआप ई ची वाट बघतं. आणि नेटवर येतो शिरीष. रोमनमध्ये लिहा: एस, एच, आय, आर, आय, एस, एच. डिडिडिट डिडिडिडिट डिडिट डिडाडिट डिडिट डिडिडिट डिडिडिडिट. सात अक्षरं, त्यात डॅश एक! हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं समोरच्याने चूक झाली म्हणून आठ डॉट मारले. आपल्या नावांत एच जागोजागी, श ला, ख ला, ध ला, भ ला, आणि एच, एस, आय, ५ ही चौकडी तर नवशिक्यांची जुनी वैरी. गावं पण इचलकरंजी, रोमनमध्ये बारा अक्षरं. उपाय सोपा: नातेवाईक, सोसायटीतले लोक, एसटी स्टँडवरच्या पाट्या, अशी दोनशे नावांची फाइल स्वतः करा आणि मजकुराचा मोर्स करून देणाऱ्या ट्रेनरमध्ये टाका, एलसीडब्ल्यूओवर ती सोय आहे. मी रोज ऑफिसला जाताना बसमध्ये गणपतपुळे, सिन्नर, शिरपूर, श्रीगोंदा ऐकायचो. एका महिन्यात जेवढा फरक पडला तेवढा ओहायोने वर्षभरात पडला नसता.

आता लाइव्हची भीती, म्हणजे ज्यांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी नीट कॉपी होतं त्यांच्यासाठी. इथे सगळ्यांची एक वाईट सवय असते, माझीही होती: काही कळलं नाही तरी आर आर एफबी ओएम (मिळालं, मिळालं, फार छान दोस्ता) पाठवायचं. नंदीबैलासारखी मान. मग समोरचा खूश होऊन आणखी जोरात सुटतो, एखादा प्रश्न विचारतो, आणि आपण परत आर. एकदा मला एकाने अँटेना काय आहे विचारलं आणि मी थँक्यू सेम टू यू पाठवलं. हे थांबवा. नाव कळलं नाही तर नेम आणि प्रश्नचिन्ह पाठवा. क्यूटीएच कळलं नाही तर क्यूटीएच प्रश्नचिन्ह. पीएसई एजीएन, म्हणजे कृपया परत. पीएसई क्यूआरएस, कृपया हळू. नेटवर याला कोणी हसत नाही, स्लो नेट असतंच त्यासाठी, अमेरिकेत मेरीलँडचं स्लो नेट तर नवीन लोकांनी शिकावं म्हणूनच चालवतात. उलट न कळता आर पाठवणारा माणूस नेट कंट्रोलला जास्त त्रास देतो.

दुसरं, तुम्ही ज्या स्पीडने पाठवाल त्या स्पीडने उत्तर येतं, हा सीडब्ल्यूचा जुना शिष्टाचार. पण नवीन माणूस काय करतो, पॅडल आणि कीयर (डॉट-डॅश आपोआप बनवणारं यंत्र) घेतो, पाठवणं ऐकण्यापेक्षा सोपं असतंच, मेमरीत सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) भरून १८ ने सोडतो, आणि १८ ने उत्तर आलं की गळपटतो. कीयरचा नॉब तुम्हाला आरामात कॉपी होतं त्याच्या दोन-तीन खाली ठेवा. मी तर नॉबवर सेलोटेप लावली होती.

आपलं पाठवणं कसं आहे ते पण तपासा, कारण कधीकधी समोरचा गोंधळून परत परत विचारतो आणि आपल्याला वाटतं आपल्यालाच कळत नाहीये. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलची सुरुवात व्हीयू२, म्हणजे डिडिडिडा डिडिडा डिडिडाडाडा, तिन्ही अक्षरं डॉटांनी सुरू होणारी. एक डॉट खाल्ला की व्ही चा यू, एक जास्त पडला की व्ही चा ४. मला सहा महिने लोक यूयू२ म्हणत होते आणि मी त्यांच्या कानांना दोष देत होतो. रिव्हर्स बीकन नेटवर्कवर जाऊन बघा: दोन-तीनदा सीक्यू आणि आपला कॉल पाठवायचा, जगभरातले ऑटोमॅटिक रिसीव्हर तो वाचतात आणि तुमचा कॉल, स्पीड, सिग्नल किती वर होता ते दाखवतात. मशीनने कॉल बरोबर वाचला तर हात ठीक आहे. नाही वाचला तर की ची गॅप, मनगट आणि अक्षरांमधली जागा, याच क्रमाने बघा. बऱ्याच वेळा अक्षर ठीक असतं, दोन अक्षरं चिकटलेली असतात.

आणि कोणी उत्तरच देत नसेल तर तो मोर्सचा प्रश्नच नाही बहुतेक. झीरो बीट करा, म्हणजे आपली फ्रिक्वेन्सी समोरच्याशी जुळवा. रिगचा साइडटोन (पाठवताना ऐकू येणारा आपलाच टोन) समजा ६०० ला आहे, तर समोरचा सिग्नल पण कानात ६०० लाच वाजला पाहिजे, दोन्ही सूर एक झाले की तुम्ही त्याच्या फ्रिक्वेन्सीवर. कानाला आवडतो म्हणून ११०० चा टोन लावून बसलात तर तुम्ही ५०० हर्ट्झ बाजूला पाठवताय आणि नेट कंट्रोलने अरुंद फिल्टर लावलेला असेल तर तुम्ही त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. नेट कंट्रोलने क्यूएनझेड पाठवलं तर तो हेच सांगतोय. ज्यांना पेटीवर सूर लावता येतो त्यांना हे दोन मिनिटात जमतं, बाकीच्यांनी रिगवर स्पॉटचं (सूर जुळवायला मदत करणारं) बटण असेल तर ते वापरा. आरआयटी (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारा नॉब) चालू राहिला नाही ना तेही बघा, तो विसरून मी एक अख्खं नेट वाया घालवलंय.

डीकोडर ॲप बंद ठेवा. स्क्रीनवर अक्षरं उमटताना दिसली की कान सुट्टीवर जातो, आणि स्ट्रेट कीवरच्या वाकड्या हातापुढे डीकोडर पण ईईटीटी ओकतो.

नेटच्या मधल्या दिवसांत गोंधळाची सवय करायची असेल तर मोर्स रनर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा त्रास), क्यूआरएन (विजांची खरखर), क्यूएसबी (सिग्नल कमी-जास्त होणं) सगळं चालू करता येतं, ॲपच्या गुळगुळीत आवाजाने बिघडलेला कान त्यात वठणीवर येतो. किंवा खरे सिग्नल ऐका. लायसन्स अजून हातात नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडा आणि ७ मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला फिरा. हळू चालणाऱ्या स्पर्धांमध्ये के१यूएसएन या अमेरिकन क्लबची एसएसटी चांगली, २० च्या वर कोणी जाऊ नये असा नियम, आपल्याकडे ती सोमवारी पहाटे साडेपाचला पडते, दुसरी शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर दीडला. तेव्हा अमेरिकेतला एखादा वेबएसडीआर लावा. फक्त नाव आणि राज्य एवढीच देवाणघेवाण, तेच तेच तासभर, चौकोन भरायची सवय करायला यापेक्षा बरं काही नाही. पण हे सगळं नेटच्या बदल्यात नको. नेटवर आठवड्यातून एकदा बसाच, कॉपी शून्य झालं तरी चेक-इन करून बसा, कारण आपली पाळी येताना छातीत जे धडधडतं त्याची प्रॅक्टिस दुसरीकडे कुठे होत नाही. पहिले तीन-चार वेळा कॉल, आरएसटी, नाव आणि ७३ एवढंच कागदावर आधी लिहून ठेवून वाचून पाठवा. पाचव्या वेळी कागद लागत नाही.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही आणि सुटणार पण नाही. एप्रिलपासून वळवाचे ढग जमायला लागले की ४० मीटरवर दुपारनंतर क्यूआरएनचा असा कडकडाट असतो की प्रत्येक कडकडाटाला दोन अक्षरं जातात, कितीही चांगला कान असो. तेव्हा सगळं दोन-दोनदा पाठवायला सांगा, नॉइज ब्लँकरकडून फार अपेक्षा ठेवू नका, सकाळचं नेट धरा. आणि लांब कुठे वीज चमकलेली दिसली तर क्यूएनएक्स (नेटमधून जातो) पाठवून उत्तराची वाट न बघता कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधून काढा, घराबाहेर टाका.